फाटक्या पडद्यामागचे सूर

१९६६ सालचा मार्च महिना. हॉलिवूडच्या गोल्डविन स्टुडिओत एक चमत्कारिक वाद्यवृंद जमला होता. १२ बासऱ्या, १६ फ्रेंच हॉर्न, ९ ट्रॉम्बोन, २ ट्यूबा, टिंपनीचे २ संच, ८ चेलो आणि ८ डबल बास. व्हायोलिन मात्र एकही नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंदातून व्हायोलिन काढून टाकणे म्हणजे लग्नाच्या मांडवातून सनई काढून टाकण्यासारखे! पण समोर उभा असलेला जाड चष्म्याचा, विस्कटल्या केसांचा माणूस असल्या गोष्टींसाठी प्रसिद्धच होता. चित्रपट होता 'टॉर्न कर्टन', म्हणजे 'फाटका पडदा'. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक. संगीतकार बर्नार्ड हर्मन.

सुरुवातीची श्रेयनामावली वाजवून झाली. पितळी वाद्यांचा तो काळोखा, अंगावर येणारा गजर थांबल्यावर वादकांनी टाळ्या वाजवल्या. रोज कुणाचे ना कुणाचे संगीत वाजवून पोट भरणारी ती व्यावसायिक माणसे. ती उठसूट टाळ्या वाजवत नाहीत. थोड्या वेळाने हिचकॉक तिथे आला. त्याने जे मुद्रित झाले होते ते ऐकले आणि काम थांबवायला सांगितले. वादकांच्या देखत. हर्मनने लिहिलेल्या स्वरलिपीची चळत तशीच उचलून नेली गेली. ११ वर्षांची आणि ८ चित्रपटांची सोबत त्या दिवशी संपली. पुन्हा त्या दोघांनी कधीच एकत्र काम केले नाही.

गोष्ट एवढीच. पण एका माणसाचे सारे आयुष्य या एका दिवसाच्या अलीकडे आणि पलीकडे उभे आहे.

आपल्याकडे चित्रपटाचे संगीत म्हटले की गाणी आठवतात. गाण्यांखेरीज जे वाजते त्याला आपण पार्श्वसंगीत म्हणतो आणि त्या शब्दातच त्याची जागा दाखवून देतो. हॉलिवूडच्या चित्रपटात मात्र बहुतेक वेळा तेच सारे संगीत असते. आणि त्या व्यवहारात संगीतकार येतो सगळ्यांच्या शेवटी. पटकथा झालेली असते, चित्रीकरण आटोपलेले असते, संकलनही बव्हंशी उरकलेले असते. मग दिग्दर्शक आणि संगीतकार बसून चित्रपट पाहतात. संगीत कुठे सुरू व्हायचे, कुठे थांबायचे हे ठरते. सेकंदाच्या अंशापर्यंत मोजलेला तक्ता संगीतकाराच्या हाती येतो आणि काही आठवड्यांत त्याने सारे लिहून द्यायचे असते.

या व्यवस्थेत एक मेख आहे. नटाचे काम आवडले नाही म्हणून चित्रपट पुन्हा काढता येत नाही. छायाचित्रण आवडले नाही तरी निभावून न्यावे लागते. पण संगीत? ते सुटे काढता येते. पडद्यावरचे एकही चित्र न हलवता कालचे संगीत टाकून आज दुसऱ्याचे बसवता येते. त्यामुळे चित्रपट बिघडला, पैसा बुडणार असे वाटू लागले की पहिली कुऱ्हाड संगीतावर पडते. जगभरच्या चित्रपटांच्या इतिहासात अशा नाकारलेल्या संगीताचा एक मोठा ढीग आहे आणि त्यात थोरामोठ्यांची नावे आहेत.

रेडिओवरची शाळा

बर्नार्ड हर्मनचा जन्म २९ जून १९११ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. कुटुंब रशियन साम्राज्यातून आलेले, ज्यू. वडिलांना संगीताचे वेड. ते मुलाला ऑपेराला घेऊन जात, त्याच्या हाती त्यांनी व्हायोलिन दिले. १३व्या वर्षी त्याने स्वररचनेचे एक बक्षीस मिळवले आणि पुढची वाट तिथेच ठरली. न्यूयॉर्क विद्यापीठ, मग ज्युलियार्ड ही नामांकित संगीतशाळा. विशीत पोहोचतो न पोहोचतो तोच त्याने स्वतःचा छोटा वाद्यवृंद उभा केला.

याच वयात त्याला चार्ल्स आइव्हज सापडला. आइव्हज हा अमेरिकेचा एक अजब संगीतकार. दिवसा विम्याचा धंदा, आणि तोही भरभराटीचा, उरलेल्या वेळात संगीत. त्याच्या रचना कुणी वाजवत नसे, कारण त्या कुणाला कळत नसत. आयुष्यभर बँकेत बसून रात्री कादंबऱ्या लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला या विमावाल्याबद्दल थोडी जास्त आपुलकी वाटली तर वाचकांनी समजून घ्यावे. पण मुद्दा हर्मनचा आहे. जे जगाने बाजूला सारले आहे, ते चांगले असेल तर त्याची पालखी आपण खांद्यावर घ्यायची, हा त्याचा स्वभाव तेव्हापासून दिसतो. १९३४ साली तो सीबीएस या रेडिओ कंपनीत लागला आणि पुढे तिच्या वाद्यवृंदाचा प्रमुख संचालक झाला. तिथे त्याने आइव्हजसारख्या उपेक्षितांचे संगीत हट्टाने श्रोत्यांपर्यंत पोहोचवले. स्वतःची 'मोबी डिक' ही गायनरचनाही त्याने आइव्हजलाच अर्पण केली.

रेडिओने त्याला आणखी एक गोष्ट शिकवली. रेडिओवरच्या नाटकात चित्र नसते. दार उघडले, रात्र झाली, मनात संशय आला, हे सारे आवाजाने सांगायचे, आणि तेही पाच-दहा सेकंदांत. लांबलचक चाल बांधायला सवडच नाही. दोन-चार सुरांचा एक तुकडा घ्यायचा, तो फिरवायचा, त्याचा रंग बदलायचा. पुढे चित्रपटात हर्मनची ओळख ठरलेली ही पद्धत रेडिओच्या घाईगर्दीत तयार झाली.

तिथेच त्याची गाठ ऑर्सन वेल्सशी पडली. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी मंगळावरून स्वारी आल्याची बातमी देणारे वेल्सचे ते गाजलेले नभोनाट्य प्रक्षेपित झाले, तेव्हा वाद्यवृंद हर्मनचाच होता. वेल्स हॉलिवूडला निघाला तेव्हा त्याने हर्मनला बरोबर नेले आणि १९४१ साली 'सिटिझन केन' आला. या चित्रपटात श्रीमंत केन आपल्या बेताच्या आवाजाच्या बायकोला ऑपेरात गायला उभी करतो, असा प्रसंग आहे. हर्मनने त्यासाठी एक खोटा ऑपेरा लिहिला, आणि तो असा उंच पट्टीत लिहिला, त्यावर वाद्यांचा असा डोंगर रचला की हलक्या आवाजाची कुठलीही गायिका त्यात बुडावी. तिची फजिती अभिनयात नव्हे, स्वरलिपीतच पेरून ठेवली होती. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका चित्रपटासाठी, 'ऑल दॅट मनी कॅन बाय'साठी, त्याला ऑस्कर मिळाले. वय अवघे तीस. हे त्याचे पहिले ऑस्कर आणि शेवटचेही.

लगेच पुढच्या वर्षी पहिला फटका बसला. वेल्सचा 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स' स्टुडिओने त्याच्या गैरहजेरीत कापला, शेवट बदलला आणि हर्मनचे निम्म्याहून अधिक संगीत काढून तिथे दुसऱ्याचे घातले. हर्मनने काय करावे? श्रेयनामावलीतून माझे नाव काढा, नाही तर कोर्टात भेटू, असे त्याने कळवले. नाव निघाले. हॉलिवूडमध्ये लोक नाव लागावे म्हणून भांडतात. हा नाव काढावे म्हणून भांडला.

तापट माणूस

हर्मन स्वभावाने कठीण होता, हे लपवण्यात अर्थ नाही. कुणाचे काम सुमार वाटले की तो तोंडावर सांगे, आणि सांगण्याची रीत अशी की ऐकणारा पुन्हा त्याचे तोंड पाहायचा नाही. निर्माते, वादक, सहकारी, कुणीच सुटले नाही. घरच्यांचीही कसोटी लागली असणार. लुसिल फ्लेचर या लेखिकेशी झालेले पहिले लग्न १९४८ साली मोडले, दुसरे १९६४ साली. आणि तरीही त्याच्या आतल्या गोटातल्या माणसांना तो आठवतो तो पुस्तकांत रमणारा, इंग्लंडवर आणि मुक्या जनावरांवर जीव टाकणारा माणूस म्हणून.

त्याच्या या ताठपणाची मोठी किंमत त्याच्या ऑपेराने मोजली. एमिली ब्राँटीच्या 'वुदरिंग हाइट्स' या कादंबरीवर त्याने ऑपेरा लिहायला घेतला. शब्दरचना लुसिलची. लग्न मोडले तरी ऑपेरा चालू राहिला आणि १९५१ साली पुरा झाला. तो लांब होता. थोडा छाटला असता तर रंगमंचावर येण्याची शक्यता होती. हर्मन एक पान काढायला तयार झाला नाही. त्याच्या हयातीत तो ऑपेरा रंगमंचावर आलाच नाही. १९८२ साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात तो प्रथम झाला, तेव्हा हर्मनला जाऊन सात वर्षे होत आली होती.

कामाच्या बाबतीतही त्याची तऱ्हा वेगळी होती. हॉलिवूडमधला संगीतकार बहुधा चाल आणि आराखडा देई, आणि कुठले वाद्य काय वाजवणार हे लिहायला वेगळी माणसे असत. वेळ वाचे. हर्मनला हे मान्य नव्हते. वाद्याचा रंग हाच त्याच्या लेखी संगीताचा जीव, मग तो दुसऱ्याच्या हाती कसा द्यायचा? प्रत्येक वाद्याची प्रत्येक ओळ तो स्वतः लिही. आणि प्रत्येक चित्रपटाला वेगळा वाद्यवृंद. परग्रहावरचा पाहुणा येतो त्या 'द डे द अर्थ स्टुड स्टिल'साठी १९५१ साली त्याने हात न लावता वाजणारे थेरेमिन हे विजेवरचे वाद्य वापरले, तेही दोन. समुद्राच्या तळाशी घडणाऱ्या एका चित्रपटाला ९ हार्प. आपल्याकडे मुलाबाळांसह पाहिल्या गेलेल्या सिंदबादच्या साहसपटालाही, १९५८ सालच्या 'द सेव्हन्थ व्हॉयेज ऑफ सिंदबाद'लाही, संगीत त्याचेच. सांगाड्याशी तलवारीचे युद्ध चालले असताना हाडे वाजल्यासारखी जी वाद्ये वाजतात, ती ऐकताना मुले खुर्चीच्या टोकावर येतात. संगीतकाराचे नाव कुणी विचारत नाही.

हिचकॉकच्या बाजूची खुर्ची

हिचकॉकची आणि त्याची जोडी जमली १९५५ साली, 'द ट्रबल विथ हॅरी'पासून. एक गोरागोमटा, मोजून मापून बोलणारा, कधीही आवाज न चढवणारा इंग्रज. दुसरा क्षणात भडकणारा न्यूयॉर्कर. पण कामात दोघांचे सूर जुळले. पुढच्याच वर्षी 'द मॅन हू न्यू टू मच' आला. त्यात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मैफल चालू असताना खून व्हायचा असतो. आधीच्या आवृत्तीत वापरलेली आर्थर बेंजामिनची रचना टाकून नवी लिहायची मुभा हर्मनला होती. त्याने ती घेतली नाही. आधीची रचना प्रसंगाला उत्तम बसते, तीच ठेवू, असे त्याचे मत पडले. पडद्यावर वाद्यवृंद चालवताना दिसतो तो स्वतः हर्मन, पण वाजते ते दुसऱ्याचे संगीत. त्याला अहंकारी म्हणणाऱ्यांनी ही गोष्टही लक्षात ठेवावी.

१९५८ साली 'व्हर्टिगो' आला. उंचीच्या भीतीने आणि एका हरवलेल्या स्त्रीच्या ध्यासाने पछाडलेल्या माणसाची ती कथा. मिनिटामागून मिनिटे पडद्यावर कुणी बोलत नाही, नायक नुसता गाडीतून त्या स्त्रीचा पाठलाग करतो. सारे सांगायचे असते ते हर्मनच्या सुरांनी. गोल गोल फिरणारे, कुठेच न टेकणारे ते सूर. दैव असे की वादकांच्या संपामुळे त्याचे ध्वनिमुद्रण अमेरिकेत होऊ शकले नाही. ते युरोपात झाले आणि आपल्या सर्वोत्तम संगीताचे संचालन हर्मनला स्वतः करता आले नाही.

मग १९६० साली 'सायको'. हा चित्रपट काढायला स्टुडिओ नाखूश होता. हिचकॉकने आपल्या कंपनीचे पैसे घातले, दूरचित्रवाणीवरच्या मालिकेची माणसे घेऊन, काळ्या-पांढऱ्यात, सुमारे आठ लाख डॉलरांत तो उरकला. उरकल्यावर त्याचे मन खट्टू झाले. चित्रपट जमला नाही, कापून मालिकेत एक भाग म्हणून दाखवून टाकावा, इथपर्यंत विचार गेला. हर्मनने त्याला थांबवले. पैसा कमी होता, म्हणून त्याने फक्त तंतुवाद्ये घेतली. चित्रपट काळा-पांढरा, तर संगीतही काळे-पांढरे, असा त्याचा हिशेब. हिचकॉकची एक सूचना स्पष्ट होती. न्हाणीघरातल्या खुनाच्या वेळी संगीत नको. नुसता पाण्याचा आवाज पुरे.

हर्मनने ती सूचना ऐकली आणि मोडली. त्याने त्या प्रसंगासाठी व्हायोलिनच्या किंकाळ्या लिहिल्या. आधी हिचकॉकला संगीताविना प्रसंग दाखवला, मग संगीतासह. हिचकॉकने आपला शब्द मागे घेतला. आज 'सायको' न पाहिलेल्या माणसालाही तो आवाज ठाऊक आहे. चित्रपटाचा एक तृतीयांश परिणाम हर्मनच्या संगीताचा, असे श्रेय पुढे हिचकॉकनेच दिले.

त्या दिवशी हर्मन एक धडा शिकला. दिग्दर्शक सांगतो ते प्रत्येक वेळी ऐकायचे नसते. आपल्याला खरे वाटते ते लिहावे, तो ऐकेल आणि मानेल. पुढच्या सहा वर्षांत या धड्यानेच घात केला.

ठेका हवा

या सहा वर्षांत काय बदलले? हर्मन बदलला नाही. भोवतालचे सारे बदलले.

घराघरांतल्या दूरचित्रवाणी संचांनी मोठी माणसे चित्रपटगृहातून घरी नेली होती. तिकीट काढणाऱ्यांत तरुण मुलांचे प्रमाण वाढत होते आणि ती मुले खिशातले पैसे ध्वनिमुद्रिकांवर खर्च करत होती. १९६१ साली हेन्री मॅन्सिनीने 'ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज'साठी दिलेल्या 'मून रिव्हर'ने दाखवून दिले की एक गोड गाणे चित्रपटाची जाहिरातही करते आणि स्वतंत्र कमाईही. १९६४ साली बाँडपट 'गोल्डफिंगर'चे गाणे वाजले, त्याच वर्षी बीटल्सचा पहिला चित्रपट आला, १९६५च्या अखेरीस 'डॉक्टर झिवागो'ची लाराची धून. आपल्या हिंदी चित्रपटाला हा हिशेब बोलपट सुरू झाल्यापासून पाठ आहे. हॉलिवूडला तो नव्याने कळत होता. निर्मात्यांना आता लोक गुणगुणत बाहेर पडतील असे काहीतरी हवे होते. हर्मनचे संगीत गुणगुणता येत नाही. ते अंगात शिरून बसते.

हिचकॉकही आता तो राहिला नव्हता. 'सायको'च्या वेळी तो स्वतःच्या पैशाचा जुगारी होता. नंतर त्याने 'सायको'चे आणि आपल्या दूरचित्रवाणी मालिकेचे हक्क देऊन युनिव्हर्सल स्टुडिओच्या मूळ कंपनीचे समभाग घेतले होते आणि तिथल्या मोठ्या भागधारकांत तो गणला जाऊ लागला होता. पैसा स्वतःचा असताना माणूस जो धोका पत्करतो, तो समभाग हाती आल्यावर पत्करत नाही. माझ्या नोकरीत ही गोष्ट मी किती तरी कर्जदारांच्या बाबतीत पाहिली. त्यातून १९६४चा 'मार्नी' पडला होता. हा दिग्दर्शक आता म्हातारा झाला, अशी कुजबुज सुरू झाली होती.

अशा मनःस्थितीत नोव्हेंबर १९६५मध्ये हिचकॉकने हर्मनला एक तार पाठवली. लांब, रोखठोक. मजकुराचा सारांश असा, की आपला प्रेक्षक आता तरुण आहे, जोमदार आहे, त्याला ठेका हवा. युरोपातल्या दिग्दर्शकांनी हे ओळखले आहे, आपल्याकडचे संगीतकार मात्र तेच ते जुने वाजवतात. हर्मनच्या अलीकडच्या कामातही त्याला जुन्याची पुनरावृत्ती दिसली होती. तेव्हा हे जमत असेल तरच काम घ्यावे.

बँकेत आमच्या शाखेत एक लेजर कीपर होते. मोत्यासारखे अक्षर. त्यांच्या खातेवहीवरून नजर फिरवली तर वर्षभरात एक खाडाखोड सापडायची नाही. संगणक आले आणि एका महिन्यात त्या अक्षराचे काम संपले. कुणी त्यांना वाईट म्हटले नाही. कामात खोट काढली नाही. नुसते आता याची गरज नाही, एवढेच. खोट काढली असती तर ते भांडले तरी असते. हिचकॉकची तार वाचताना हर्मनला काय वाटले असेल, याचा विचार करताना मला त्यांचा चेहरा दिसतो.

हर्मनने तारेला होकार दिला. जोमदार ठेक्याचे संगीत आनंदाने देतो, असे कळवले. आणि मग बसून लिहिले ते मात्र १६ हॉर्न आणि १२ बासऱ्यांचे, व्हायोलिन नसलेले, पोलादासारखे थंड संगीत. पूर्व जर्मनीतल्या पाळतीची, दडपणाची ती कथा होती. कथेला हेच शोभते, असा त्याचा निर्वाळा. हिचकॉकने एका खुनाच्या प्रसंगी संगीत नको म्हणून सांगितले होते. हर्मनने तिथेही लिहिले. 'सायको'चा धडा त्याला पाठ होता.

इथे हर्मनची बाजू घेणाऱ्यांनीही थोडे थांबले पाहिजे. त्याने शब्द दिला होता आणि तो पाळला नाही. तारेतल्या अटी पटल्या नव्हत्या, तर नकार देता आला असता. आणि त्या खुनाच्या प्रसंगाबाबत हिचकॉक चुकला होता असेही म्हणवत नाही. माणूस मारणे किती कठीण, किती ओंगळ काम आहे ते त्याला दाखवायचे होते. शेतघरातली ती झटापट आजही संगीताविना दिसते, नुसत्या धापा आणि भांड्यांचे आवाज, आणि त्या चित्रपटातला तोच प्रसंग लोकांच्या लक्षात राहिला. दोघांचाही हट्ट खरा होता. पण एकाच्या हाती चित्रपट होता, दुसऱ्याच्या हाती नुसते कागद.

नवे संगीत जॉन अ‍ॅडिसन या इंग्रज संगीतकाराने दिले. एक गाणेही बसवले गेले. पॉल न्यूमन आणि ज्यूली अँड्र्यूज यांच्या नावावर प्रेक्षक आले, समीक्षकांनी नाके मुरडली, आणि ज्याच्यासाठी एवढे रामायण घडले ते गाणे कुणाच्या लक्षात राहिले नाही.

एकट्याचे दुःख नव्हे

पुढच्या काही वर्षांत ही कुऱ्हाड अनेकांवर पडली. १९६८ साली अ‍ॅलेक्स नॉर्थने स्टॅन्ली कुब्रिकच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी'साठी आजारपण सोसून संगीत लिहिले. न्यूयॉर्कला चित्रपट पाहायला तो जाऊन बसला आणि त्याच्या लक्षात आले, की आपला एक सूरही यात नाही. कुब्रिकने श्ट्राउस आणि लिगेटी यांच्या तयार ध्वनिमुद्रिकाच ठेवल्या होत्या. १९६९ साली इंग्लंडच्या सर विल्यम वॉल्टनचे 'बॅटल ऑफ ब्रिटन'चे संगीत बाजूला पडले. एलपी भरेल एवढे ते लांब नाही, हे एक कारण पुढे आले. लॉरेन्स ऑलिव्हिएने माझेही नाव काढा म्हणून दटावले, तेव्हा एका प्रसंगापुरते वॉल्टनचे संगीत राहिले.

आणि १९७२ साली हिचकॉकने 'फ्रेन्झी'साठी लिहिलेले संगीत नाकारले. ते कुणाचे? ज्याच्या गोड गाण्यांमुळे हर्मन जुना ठरला, त्या हेन्री मॅन्सिनीचे. मॅन्सिनीचे संगीत फार गडद, हर्मनच्या वळणाचे वाटले म्हणून ते गेले, असे सांगतात. ज्याला घराबाहेर काढले त्याची सावली घरातून जात नव्हती.

लंडन, आणि परतीचा रस्ता

हर्मनचे काय झाले? त्याच १९६६ साली त्याने लंडनमध्ये पदरचे पैसे घालून 'वुदरिंग हाइट्स' संपूर्ण ध्वनिमुद्रित केला. एक पान न कापता. त्याच वर्षी फ्रान्सच्या फ्रान्स्वा त्रुफोने त्याला 'फॅरनहाइट ४५१'साठी बोलावले. हा त्रुफो म्हणजे युरोपच्या नव्या पिढीचा म्होरक्या. ज्यांचे उदाहरण देऊन हिचकॉकने हर्मनला जुना ठरवले होते, त्यांच्यातलाच एक. त्याला हर्मन जुना वाटला नाही.

१९६७ साली हर्मनने तिसरे लग्न केले, पुढे तो लंडनलाच स्थायिक झाला. चित्रपट कमी झाले. आपल्या जुन्या चित्रपटांचे संगीत तो पुन्हा वाजवून ध्वनिमुद्रित करू लागला. हृदय थकत चालले होते. हॉलिवूडच्या लेखी तो संपलेला माणूस होता.

आणि मग तरुण मुले त्याचा पत्ता शोधत आली. ब्रायन डी पामा आपला 'सिस्टर्स' घेऊन आला. तात्पुरते म्हणून त्याने चित्रपटाला हर्मनचेच जुने संगीत लावून ठेवले होते. ते ऐकून हर्मन भडकला आणि ते आधी बंद करायला लावले. नव्या चित्रपटाला नवे संगीत, जुने नको, हे सांगणारा हा 'जुना' माणूस! १९७३ साली 'सिस्टर्स' आला. मग डी पामाचाच 'ऑब्सेशन'. आणि मग मार्टिन स्कॉर्सेसी आपला 'टॅक्सी ड्रायव्हर' घेऊन आला.

'सायको' आला तेव्हा स्कॉर्सेसी १७ वर्षांचा होता, डी पामा त्याच्याहून दोनच वर्षांनी मोठा. म्हणजे हिचकॉकच्या तारेतला तरुण प्रेक्षक तो हाच. त्याला ठेका हवा, त्याला हे जुने संगीत नको, असे हिचकॉकने परस्पर ठरवून टाकले होते. तो प्रेक्षक काळोखात बसून हर्मनचे सूर कानांत साठवत होता, आणि स्वतःचा चित्रपट काढायची वेळ आली तेव्हा त्याने त्यालाच बोलावले. तरुणांना काय आवडते हे बहुतेक वेळा म्हातारी माणसेच ठरवतात आणि बहुतेक वेळा चुकतात.

'टॅक्सी ड्रायव्हर'साठी हर्मनने सॅक्सोफोनवर वाजणारी एक जॅझच्या अंगाची धून दिली. रात्रीच्या न्यूयॉर्कची, दिव्यांच्या ओल्या प्रतिबिंबांची, एकट्या माणसाची. ज्याला नवे जमत नाही म्हणून घरी पाठवले होते, त्याला कथेने मागितले तेव्हा तेही जमले. जन्मगावाचे संगीत त्याने अखेरीस लिहिले. तब्येत ठीक नसताना लंडनहून तो हॉलिवूडला आला. २३ डिसेंबर १९७५ रोजी ध्वनिमुद्रण संपले. रात्री तो हॉटेलवर गेला, झोपला, आणि उठला नाही. नाताळच्या आदल्या दिवशी पहाटे वयाच्या ६४व्या वर्षी त्याचे निधन झाले. 'टॅक्सी ड्रायव्हर'च्या शेवटी त्याच्या नावे कृतज्ञतेची पाटी आहे. पुढच्या वर्षीच्या ऑस्करसाठी त्याला दोन नामांकने होती, 'ऑब्सेशन' आणि 'टॅक्सी ड्रायव्हर'. मिळाले एकही नाही.

हिचकॉक १९८० साली गेला. दोघांतला अबोला तसाच राहिला. 'टॉर्न कर्टन'नंतर हिचकॉकने तीनच चित्रपट काढले. त्यांचे संगीत आठवायला फार प्रयास पडतात.

त्या उचलून नेलेल्या कागदांची गोष्ट मात्र संपली नव्हती. १९७७ साली एल्मर बर्नस्टाइन या संगीतकाराने 'टॉर्न कर्टन'चे नाकारलेले संगीत वाजवून ध्वनिमुद्रिका काढली. मग १९९१ साली स्कॉर्सेसीने 'केप फिअर' हा १९६२चा चित्रपट नव्याने केला. मूळ चित्रपटाचे संगीत हर्मनचे होते. दुसरे कुणाचे स्कॉर्सेसीला नकोच होते. तेच संगीत नव्या चित्रपटाला बसवायचे काम त्याने बर्नस्टाइनला दिले. काही ठिकाणी संगीत कमी पडत होते. बर्नस्टाइनने 'टॉर्न कर्टन'चे कागद काढले आणि त्यातले तुकडे तिथे घातले. खुनाच्या प्रसंगासाठी लिहिलेला, हिचकॉकने नको म्हटलेला तुकडाही त्यांत होता.

२५ वर्षांनी ते सूर चित्रपटगृहात वाजले. तरुण प्रेक्षकांनी भरलेल्या चित्रपटगृहांत. चित्रपट युनिव्हर्सलचाच होता.